सर, इंटिग्रेशनमधला मॉड कुठे गेला?

मागच्या अंकात फुकट मिळणाऱ्या गणिताच्या सॉफ्टवेअरवर दोनच परिच्छेद लिहिले होते, मॅक्सिमा, ऑक्टेव्ह, सेज, जिओजेब्रा अशी चार नावं घेतली नि पुढच्या विषयाला लागलो, तर पत्रांचा आणि मेलचा एवढा ढीग आला की हा अख्खा अंक त्यातच जातोय. पण एक सांगतो, राग मानू नका, निम्म्या पत्रांत फक्त "सर चालत नाहीये, उपाय सांगा" एवढंच आहे. काय चालत नाही, कुठे अडकतं, लाल अक्षरांत काय येतं, काहीच नाही. एका पठ्ठ्याने मॉनिटरचा मोबाइलने फोटो काढून पाठवलाय, त्यात ट्यूबलाइट दिसतेय, त्याचा स्वतःचा चेहरा दिसतोय, एरर तेवढी कापली गेलीय.

तर पुढच्या वेळी चार गोष्टी लिहा: काय टाइप केलंत ते जसंच्या तसं (फोटो नको, कॉपी करून), त्यावर काय आलं ते जसंच्या तसं, तुम्हाला काय यायला हवं होतं, आणि आवृत्ती कुठली. आवृत्ती ऑक्टेव्हमध्ये "व्हर्जन" असं मारलं की कळते, मॅक्सिमात "बिल्ड_इन्फो" आणि पुढे रिकामा कंस. आणि दोनशे ओळींचा प्रोग्रॅम अख्खा पाठवू नका, एकेक ओळ काढत जा, चूक शाबूत राहील अशा तीन-चार ओळी उरल्या की तेवढ्याच पाठवा. खरं सांगू का, काढता काढता निम्म्या लोकांना चूक स्वतःलाच सापडते आणि मला पत्र येतच नाही.

अजून एक, आज्ञा इथे देवनागरीत छापल्यात, तुम्ही मारताना इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये मारा, आकडेही इंग्रजीच.

प्रश्न : सर नमस्कार, मी कराडला ज्युनिअर कॉलेजात बारावीला गणित शिकवते. तुमचं वाचून डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा (खिडकीत, बटनांसह चालणारं मॅक्सिमा) टाकलं आणि हौसेने प्रोजेक्टरवर दाखवायला घेतलं. १/एक्स चं इंटिग्रेशन मारलं तर नुसतं लॉग एक्स आलं, मॉड नाही, प्लस सी नाही. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "मॅडम, सॉफ्टवेअरचा एक मार्क कट!" हे सॉफ्टवेअर चुकतंय का? आणि आपल्या पुस्तकासारखं उत्तर देईल असं करून घेता येतं का?

उत्तर : ताई, आधी त्या मागच्या बाकावरच्याला माझ्याकडून शाबासकी. आता उत्तर: चुकत नाहीये, पण त्याचे संकेत वेगळेत. आपण बारावीला वास्तव संख्यांतच राहतो, तिथे ऋण संख्येचा लॉग नाहीच, म्हणून मॉड, म्हणजे चिन्ह सोडून नुसती किंमत घेणाऱ्या उभ्या रेघा, लावावा लागतो. मॅक्सिमा संमिश्र संख्या धरून चालतो, तिथे −५ चा लॉग म्हणजे ५ चा लॉग अधिक आय पाय, म्हणजे फरक काय तर एक स्थिरांक, आणि स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य. त्यामुळे मॉड न लावताही त्याचं उत्तर त्याच्या जगात बरोबर आहे. प्लस सी त्याने मुद्दामच सोडलेलं आहे, ते आपण समजून घ्यायचं (शेवटच्या प्रश्नात त्या सी ची गंमत आहे, थांबा).

पण मॉड हवाच असेल तर तो मागणारे तुम्ही पहिले नाही, त्यासाठी बटन आधीच ठेवलंय. "लॉगॲब्स" लिहा, पुढे कोलन, पुढे "ट्रू", मग सेमीकोलन. त्यानंतर तेच इंटिग्रेशन परत मारा, लॉगच्या आत ॲब्स दिसेल, तोच आपला मॉड. कोलनच का, तर मॅक्सिमात किंमत द्यायला कोलन, फंक्शन बनवायला कोलन आणि बरोबर एकत्र, आणि नुसतं बरोबर चिन्ह म्हणजे समीकरण. सी किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकलेले लोक इथे हमखास आपटतात, "ए = ५" लिहितात, एरर येत नाही, आणि पुढे दहा ओळी गेल्यावर ए ची किंमत ए च राहिलेली असते.

आता रोज तासाला सुरुवातीला हे मारत बसायचं का, तर नाही. "मॅक्सिमा_यूजरडिर" आणि सेमीकोलन मारा, तो एका फोल्डरचा पत्ता सांगेल. फोल्डर नसेल तर बनवा आणि त्यात "मॅक्सिमा-इनिट डॉट मॅक" नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवा. मॅक्सिमा उघडलं की पहिल्यांदा ही फाइल वाचतं, तिच्यात जे असेल ते लागू. प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमीकोलनऐवजी डॉलर ठेवा म्हणजे उघडताना पडद्यावर पसारा होत नाही. एक सावधगिरी, विंडोजचं नोटपॅड गुपचूप मागे डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि विंडोज ते शेपूट लपवूनही ठेवतं, फाइल दिसते बरोबर पण मॅक्सिमा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय म्हणून सांगतोय.

याच फाइलीत तुमच्या केमिस्ट्रीच्या सहकाऱ्यांसाठी अजून एक ओळ घाला. मॅक्सिमाचा लॉग कायम ई पायाचा, दहा पायाचा त्यात नाहीच. "लॉग१०(एक्स) := लॉग(एक्स)/लॉग(१०)" एवढं लिहिलं की आपला बनला. फक्त हजाराचा लॉग विचारला तर ३ येणार नाही, "लॉग(१०००)/लॉग(१०)" असंच परत तोंडावर मारेल, आणि फ्लोट, म्हणजे दशांशात, करून घेतलात तर २.९९९९९… असं काहीतरी येईल. म्हणून व्याख्येतच बाहेरून "रॅडकॅन" गुंडाळा, तो १००० चे अवयव पाडून खणखणीत ३ देतो.

आणि प्रोजेक्टर लावलाच आहे तर उद्या एक्स चा एन घात इंटिग्रेट करायला सांगा. उत्तर देणार नाही, उलट तुम्हालाच विचारेल की एन ची किंमत −१ आहे का? बऱ्याच लोकांना वाटतं हँग झालं. नाही हो, तो वाट बघतोय. "नो" लिहून सेमीकोलन दिलं की आपलं नेहमीचं सूत्र, "यस" दिलं की लॉग. पुस्तकात सूत्राच्या बाजूला बारीक अक्षरांत एन ≠ −१ छापलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही, इथे मशीन अडून बसतं म्हणून पोरांच्या डोक्यात राहतं. माझ्या मते वर्गात दाखवण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. पुन्हा पुन्हा विचारायला नको असेल तर आधीच "अझ्यूम" मध्ये "नॉटइक्वल(एन, −१)" घालून ठेवा, मग गप्प बसेल.

प्रश्न : दादा, डिप्लोमा थर्ड इयर, इलेक्ट्रिकल. कॉलेजला मॅटलॅब आहे पण घरी परवडत नाही म्हणून ऑक्टेव्ह टाकलं. ट्रान्सफर फंक्शनचा प्रोग्रॅम जशाचा तसा टाकला तर "टीएफ अनडिफाइन्ड". आणि "प्रॅक्टिकल-१" नावाने सेव्ह केलेली फाइल चालवली तर "प्रॅक्टिकल अनडिफाइन्ड". दोन दिवस झाले, सबमिशन जवळ आलंय, प्लीज.

उत्तर : मित्रा, एरर नीट लिहून पाठवलीस म्हणून तुझं पत्र वर आलंय, बाकीच्यांनी शिकावं.

पहिलं: कंट्रोल सिस्टिमचं सामान ऑक्टेव्हच्या पोटात नसतं, वेगळ्या पॅकेजमध्ये असतं. विंडोजच्या इन्स्टॉलरबरोबर ते बहुतेक करून आलेलंच असतं, पण कपाटात ठेवलेलं, बाहेर काढावं लागतं. "पीकेजी लोड कंट्रोल" मार आणि मग टीएफ चालेल. उबुंटूवर असशील तर आधी "ऑक्टेव्ह-कंट्रोल" हे पॅकेज टाकावं लागेल. रोज लोड करायचा कंटाळा आला तर होम फोल्डरमध्ये "डॉट ऑक्टेव्हआरसी" नावाच्या फाइलीत ती ओळ लिहून ठेव. मॅक्सिमाच्या ताईंना जे सांगितलं तेच, फक्त फाइलीचं नाव वेगळं.

दुसरं: मध्ये आडवी रेघ टाकलीस ना, ऑक्टेव्हला ती वजाबाकी वाटते. तू फाइल चालवत नाहीयेस, "प्रॅक्टिकल" नावाच्या कुठल्यातरी संख्येतून १ वजा कर असं सांगतोयस, आणि ती संख्या त्याला माहीत नाही. खाली जोडणारी रेघ वापर, अंडरस्कोअर. नाव आकड्यानेही सुरू करू नकोस.

न विचारलेलं तिसरंही सांगतो कारण ते तुला पुढच्या आठवड्यात येणारच आहे. फाइलीला प्लॉट, साइन, सम असली नावं देऊ नकोस. माझ्या भाच्याने ग्राफच्या प्रॅक्टिकलला "प्लॉट" नाव दिलं, आत प्लॉट लिहिलेलं, म्हणजे फाइल स्वतःलाच बोलावतेय, ती परत स्वतःला, असं २५६ वेळा झालं की ऑक्टेव्ह हात जोडतं आणि रिकर्शन डेप्थची एरर फेकतं. शंका आली तर "विच प्लॉट" मार, कुठल्या फाइलीतला प्लॉट वापरतोय तो पत्ता सांगेल. आणि मॅटलॅबमधलं सिम्युलिंक ऑक्टेव्हमध्ये नाही, ते शोधत बसू नकोस. ब्लॉक जोडून करायची प्रॅक्टिकल्स असतील तर सायलॅब टाक, त्यात एक्सकॉस नावाचं तसंच काम करणारं आहे. सायलॅबवर आपल्या पवईच्या आयआयटीत फॉसी नावाच्या प्रकल्पाने बरंच काम केलंय, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, एका बाजूला व्हिडिओ लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करत जायचं अशी पद्धत आहे.

(ऑक्टेव्ह हे नाव संगीतातल्या सप्तकावरून आलं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांच्या नावावरून आहे, हातात येईल त्या कागदावर झटपट अंदाजे हिशेब मांडण्यात त्यांचा हातखंडा होता. सॉफ्टवेअरची सुरुवातच केमिकल रिॲक्टरच्या एका पाठ्यपुस्तकाची जोड म्हणून झाली.)

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर, वय ७१, नातवाला गणित शिकवायला म्हणून ऑक्टेव्ह शिकतोय. −८ चं घनमूळ −२ हे पाचवीपासून माहीत आहे. कंसात −८ लिहून १/३ घात दिला तर "१.०००० + १.७३२१ आय" आलं. कंस काढून बघितलं तर −२ आलं. कंसाने गणित बदलतं? मला वाटतं यात बग आहे, कुठे तक्रार करायची?

उत्तर : काका, तक्रार नका करू, तिकडचे लोक प्रेमाने पण ठामपणे परत पाठवतील. ही गोष्ट मात्र नातवालाच काय, त्याच्या सरांनाही सांगण्यासारखी आहे.

−८ ला एकच घनमूळ नाही, तीन आहेत. कागदावर मध्यबिंदूपासून ८ लांबीचा बाण डावीकडे काढा, म्हणजे १८० अंशात. घनमूळ काढायचं म्हणजे लांबीचं घनमूळ आणि कोनाचे तीन भाग: लांबी २, कोन ६० अंश. २ गुणिले कोसाइन ६० म्हणजे १, आणि २ गुणिले साइन ६० म्हणजे १.७३२. हेच तुमचं उत्तर. बाकीची दोन १८० अंशात (ते आपलं −२) आणि ३०० अंशात. ऑक्टेव्हला तिघांतलं एक निवडायचं असतं आणि ते मुख्य मूळ म्हणून ६० अंशवालं निवडतं.

मग कंस काढल्यावर −२ कसं? तर ते बरोबर उत्तर चुकीच्या वाटेने आलंय. कंस नसेल तर आधी ८ चा घात होतो, २ येतात, आणि मग पुढे वजा लागतो. पटत नसेल तर कंस न घालता −२ चा वर्ग मारून बघा, −४ येईल.

तुम्हाला वास्तव मूळच हवं असेल तर "एनथरूट(−८, ३)" किंवा "सीबीआरटी(−८)", दोन्हीकडे −२. आणि गंमत म्हणजे हेच −८ चं १/३ घात मॅक्सिमात मारलंत तर तो आपणहून −२ देतो, कारण घाताच्या बाबतीत त्याचं "डोमेन" नावाचं सेटिंग मुळात रिअल वर असतं. हो, तोच मॅक्सिमा जो वर लॉगच्या वेळी संमिश्र जगात राहत होता. एकाच घरातले दोन नियम, मलाही ते फार आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

प्रश्न : एमएस्सी पार्ट टू, गणित. सेजमध्ये २^३ बरोबर ८ येतं. तोच कोड डॉट पीवाय फाइलीत टाकून चालवला की १ येतं! आणि १/३ ऐवजी ०.३३३. गाइड म्हणतात तुझंच काहीतरी चुकलंय.

उत्तर : गाइड बरोबर आहेत, पण चूक सगळे एकदा करतातच. सेज म्हणजे पायथॉनवर चढवलेला गणिताचा साज. तू सेजमध्ये जे टाइप करतोस ते सरळ पायथॉनकडे जात नाही, मध्ये एक दुभाष्या बसलाय, तो घाताच्या टोपीचं पायथॉनच्या दोन गुणाकार चिन्हांत भाषांतर करतो आणि १, ३ या आकड्यांना सेजचे पूर्णांक बनवतो म्हणून १/३ अपूर्णांकच राहतो. डॉट पीवाय फाइलीत तो दुभाष्या नसतो. तिथे टोपी म्हणजे बायनरीतली एक्सऑर क्रिया: २ म्हणजे १०, ३ म्हणजे ११, वेगळी असलेली घरं तेवढी १, राहिलं ०१, म्हणजे १. फाइलीला डॉट सेज शेपूट दे, किंवा डॉट पीवाय च हवी असेल तर दोन गुणाकार चिन्हं वापर, वर "फ्रॉम सेज डॉट ऑल इम्पोर्ट" आणि पुढे एक गुणाकार चिन्ह अशी ओळ घाल आणि अपूर्णांक "क्यूक्यू(१)/३" असा लिही (हे दोन क्यू मात्र कॅपिटल).

एखादं फंक्शन आतून काय करतं बघायचं असेल तर नावापुढे दोन प्रश्नचिन्हं मार, त्याचा सोर्स कोडच समोर उघडतो. एक प्रश्नचिन्ह मारलं तर माहिती आणि उदाहरणं. बदल करायला सुरुवात तिथूनच होते, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचून. २००५ साली विल्यम स्टाइन यांनी सेज सुरू केलं तेच मुळी सगळं नव्याने लिहायचं नाही, मॅक्सिमा, पारी, गॅप, सिंग्युलर अशी आधीची चांगली सॉफ्टवेअर पायथॉनच्या दोरीने बांधायची या विचाराने. म्हणून सेजमध्येही इंटिग्रेशन मारलंस की सहसा आतून मॅक्सिमाच उत्तर देतो, आणि मॉडचा तोच घोळ तिथेही दिसतो.

प्रश्न : झेडपी हायस्कूलला दहावीला गणित. वर्गात ४० मुलं, बाकावर तिघं तिघं बसतात. वर्गसमीकरणाच्या चाचणीला प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्यायचाय. पेपर मी तपासेन, पण ४० प्रश्न हाताने कोण बनवणार? कॉम्प्युटर जुना आहे, फोन बरा आहे.

उत्तर : सर, जुन्या कॉम्प्युटरवर सेज टाकायच्या भानगडीत पडू नका, विंडोजवर तर त्याच्यासाठी आधी लिनक्सचा थर बसवावा लागतो. फोनच्या ब्राउझरमध्ये सेजमॅथसेल उघडा, रिकामी चौकट येते, त्यात लिहायचं नि बटन दाबायचं, नोंदणी वगैरे काही नाही.

युक्ती अशी की समीकरण आधी बनवायचं नाही, मुळं आधी ठरवायची. सहगुणक रँडम घेतलेत तर दहातल्या आठ मुलांच्या वाट्याला वर्गमुळातली वाकडी उत्तरं येतील आणि तपासताना तुमचाच घाम निघेल. −९ ते ९ मधल्या दोन संख्या काढा, पी आणि क्यू, मग (एक्स − पी)(एक्स − क्यू) चा विस्तार करायला सेजलाच सांगा. ३ आणि ४ निघाले की एक्स वर्ग − ७एक्स + १२, झालं.

आता खाचखळगे, हे मी स्वतः खाल्लेत. शून्य वगळा, नाहीतर एखाद्याला एक्स वर्ग − ५एक्स = ० येतं आणि शेजारचा भांडतो की त्याला सोपं का. पी आणि क्यू एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचे, म्हणजे ४ आणि −४, तेही वगळा, मधलं पदच उडतं. दोन्ही सारखे चालतील का ते तुम्ही ठरवा, मी एखाददुसरं राहू देतो. आणि समीकरण तुकडे जोडून छापू नका, म्हणजे "एक्स वर्ग", मग "+", मग संख्या, असं केलं की "+ −७एक्स" आणि "१एक्स" असले प्रकार छापून येतात, मुलं गोंधळतात. अख्खी बहुपदी सेजला छापू द्या, चिन्हं तो सांभाळतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीज. रँडम संख्या खऱ्या रँडम नसतात, एका बीजापासून उगवतात, बीज तेच तर पीक तेच. प्रत्येक मुलाचा हजेरी क्रमांक बीज म्हणून द्या, "सेट_रँडम_सीड(१७)" म्हणजे सतराव्या मुलाचा पेपर, आणि प्रत्येक क्रमांकाला बीज नव्याने लावायचं. उत्तरपत्रिका हरवली तरी १७ टाकून तोच प्रश्न, तीच मुळं परत काढता येतात (मधे सेजची आवृत्ती बदलली तर खात्री नाही, म्हणून यादी एकदा प्रिंट करून ठेवाच). पायथॉनवाल्या एखाद्या हुशार पुतण्याने "रँडम डॉट सीड" वापरायला सांगितलं तर ऐकू नका, सेजच्या स्वतःच्या रँडम संख्या त्याला जुमानत नाहीत.

मराठीत सुबक छापायचं असेल तर झीलाटेक हे छपाईचं सॉफ्टवेअर आणि एखादा चांगला युनिकोड देवनागरी फाँट. सेजला "लाटेक" असं सांगून समीकरण कंसात दिलं की छपाईचा मजकूर तयार मिळतो. पण पहिल्या चाचणीला एवढं करू नका. समीकरणं कागदावर उतरवून झेरॉक्स काढा, चालतंय.

प्रश्न : पायथॉनमध्ये मराठी नावं चालतात असं ऐकलं म्हणून "क्षेत्रफळ", "त्रिज्या" अशी नावं दिली, मस्त चाललं. "पायऱ्या" दिलं तर एरर! मराठीवर अन्याय आहे की काय?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो, इतकं आवडलं. अन्याय नाही, त्या अर्ध्या र चा खेळ आहे. "ऱ्या" मधला तो पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडणी चिन्ह, त्याचा युनिकोड क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही सेम टू सेम दिसतात. पायथॉन ३ नावांमध्ये अक्षरं, काना, मात्रा, हलंत सगळं घेतं पण ते अदृश्य चिन्ह घेत नाही. तुमच्या एररच्या ओळीत "यू+२००डी" असं बारीक कुठेतरी असेल, बघा. कीबोर्ड बदलून ऱ वाला प्रकार वापरा, किंवा सरळ "टप्पे" नाव द्या.

आकड्यांचंही असंच अर्धंमुर्धं आहे. कोडमध्ये थेट देवनागरी १२ लिहिलं तर सिंटॅक्स एरर, पण वापरणाऱ्याने देवनागरीत १२ टाइप केले आणि तुम्ही ते "इंट" मधून काढले तर बिनबोभाट बारा होतात. पोरांसाठी पाढ्यांचा खेळ वगैरे बनवत असाल तर हे लक्षात ठेवा. ऑक्टेव्हमध्ये मात्र मराठी नावं विसरा.

प्रश्न : जिओजेब्रामध्ये अंतर्वर्तुळ काढायला दर वेळी कोनदुभाजक, मग लंब, मग वर्तुळ… एका क्लिकवर होईल असं बटन नाही का?

उत्तर : नाही, पण तुम्हीच करा, पाच मिनिटांचं काम. एकदा सगळी रचना नीट काढा. मग टूल्स मेनूत नवं टूल बनवायचा पर्याय आहे. तो आधी विचारतो बाहेर काय यायला हवं: वर्तुळ आणि त्याचा केंद्रबिंदू निवडा. मग आत काय जाणार: त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू, ते बहुतेक तोच ओळखतो. नाव द्या "अंतर्वर्तुळ", की वरच्या पट्टीत बटन हजर, तीन बिंदूंवर टिचक्या मारा. टूल वेगळ्या फाइलीत सेव्ह करून शेजारच्या शाळेलाही देता येतं. रचना करताना लंबाचा पाया डोळ्याने अंदाजे ठेवू नका, छेदबिंदूचं टूल वापरा, नाहीतर बटन बनणारच नाही.

प्रश्न : माझा खाजगी क्लास आहे. हे सगळं फुकट वापरून नोट्स छापून विकल्या, उद्या स्वतःचं ॲप काढलं, तर कोणी नोटीस पाठवेल का?

उत्तर : मॅक्सिमा, ऑक्टेव्ह, सेज ही तिन्ही जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहेत. वापरा, पैसे कमवा, आकृत्या नि उत्तरं छापून विका, काही अडचण नाही. अट लागते ती तुम्ही सॉफ्टवेअरच बदलून, किंवा स्वतःच्या ॲपमध्ये मिसळून, लोकांना वाटायला लागलात तर. मग तुमचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली त्यांना द्यावा लागतो. जिओजेब्राचं वेगळं आहे, ते बिगरव्यापारी वापराला मोफत, क्लाससाठी वापरणार असाल तर त्यांच्या अटी वाचून त्यांच्याशी बोला. इथे बरेच क्लासवाले डोळे झाकतात.

आणि हा परवाना आपोआप पडलेला नाही. मॅक्सिमाचा पूर्वज १९६८ पासून एमआयटीत बनत होता. विल्यम शेल्टर नावाच्या प्राध्यापकांनी १९८२ पासून त्याची एक प्रत जपली, दुरुस्त करत राहिले, आणि १९९८ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती जीपीएलखाली खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. तुमच्या नोट्सच्या पहिल्या पानावर "आकृत्या मॅक्सिमात काढल्या" एवढी ओळ टाकलीत तर कायद्याने सक्ती नाही, पण बरं दिसेल.

प्रश्न : साइन एक्स गुणिले कोस एक्स चं इंटिग्रेशन. पुस्तकात साइन वर्ग भागिले २. मॅक्सिमा म्हणतो उणे कोस वर्ग भागिले २. कोण बरोबर? उद्या टेस्ट आहे.

उत्तर : दोघंही. पुस्तकाच्या उत्तरातून मॅक्सिमाचं उत्तर वजा करा आणि त्याला "ट्रिगसिम्प" (साइन-कोसचं सरळरूप देणारी आज्ञा) लावा. १/२ उरेल. कराडच्या ताई विचारत होत्या ना प्लस सी कुठे गेलं, ते हे.